हातात बंदूक, तरी अंगावर काटा!

समजा तुम्ही जळगावजवळच्या मेहरूणला राहता. शाळेच्या वाचनालयातून आणलेले भुताखेतांच्या गोष्टींचे पुस्तक रात्री जेवणे उरकल्यावर उघडले आहे. घरातली माणसे झोपली आहेत. तलावाच्या बाजूने वारा येतो आहे आणि पलीकडच्या बोरीच्या बनात कुठेतरी गव्हाणी घुबड किरटे ओरडते आहे. पुस्तकातला माणूस तळघराच्या पायऱ्या उतरू लागतो आणि तुमच्या हातावरचे केस उभे राहतात. बोरीचा काटा टोचतो तो बाहेरून. हा काटा मात्र आतून उठतो.

आता जरा विचार करा. तळघर खोटे, माणूस खोटा, पायऱ्या खोट्या. हे सगळे लेखकाने खुर्चीत बसून रचले आहे हे तुम्हांला पक्के ठाऊक आहे. कोणी विचारले तर तुम्ही हसून तसे सांगालही. मग केस कोणासाठी उभे राहिले? "मनाचे खेळ" असे उत्तर घरची मोठी माणसे देतात. ते चूक नाही, पण त्याने काही कळतही नाही. केस मनाला नसतात, कातडीला असतात. कागदावरची काळी अक्षरे कातडीपर्यंत पोहोचतात कशी, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी एका जुन्या भयकथेकडे आणि तिच्या वाचकांकडे जाऊ. या कथेला निवडण्याचे कारण असे की ती वाचून कोणाला काय झाले, हे त्या वाचकांनी स्वतःच पत्रांतून लिहून ठेवले आहे.

अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने १८४५ च्या डिसेंबरमध्ये वाल्देमार नावाच्या गृहस्थाची कथा प्रसिद्ध केली. त्या काळी मेस्मेरिझमचा फार बोलबाला होता. रोग्यासमोर हातांच्या संथ हालचाली करून त्याला मोहनिद्रेत न्यायचे, अशी ती विद्या. कथेतला निवेदक याच विद्येचा अभ्यासक आहे. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला आजवर कोणी मोहनिद्रा दिलेली नाही, तर ती देऊन पाहावी, असे त्याच्या मनात येते. क्षयाने खंगलेला वाल्देमार त्याला कबूल होतो. दोन डॉक्टर हजर असतात, एक वैद्यकीचा विद्यार्थी टिपणे घेतो, वेळा मिनिटांसकट नोंदल्या जातात. रोगी मोहनिद्रेत जातो. पुढे त्याचा प्राण जातो असे सर्वांना वाटते, आणि तेवढ्यात त्याची जीभ थरथरू लागते. आपण मेलो आहोत असे तो स्वतःच सांगतो! हा आवाज दुरून, जमिनीखालून आल्यासारखा असतो आणि गिळगिळीत पदार्थ हाताला लागावा तसा तो कानाला लागतो. जवळजवळ सात महिने देह त्याच अवस्थेत राहतो. शेवटी त्याला जागे करू लागताच, मिनिटभराच्या आत, तो सर्वांदेखत सडून जातो.

व्हर्जिनिया राज्यातला फिलिप पेंडलटन कुक हा कवी शिकारीचा शौकीन होता. १८४६ च्या ऑगस्टमध्ये त्याने पोला पत्र लिहिले. रानटी टर्की पक्ष्यांची वाट पाहत तो आडोशाला पडून राहिला होता आणि वेळ घालवण्यासाठी त्याने ही गोष्ट वाचली. वेळ दिवसाची, हातात दुनळी बंदूक. तरीही आपण घाबरलो, हे त्याने मोकळेपणाने कळवले. एखाद्या जुन्या ओसाड घरात मध्यरात्री वाचली असती तर काय झाले असते, असेही त्याने विचारले. ही कथा केस उभे करणारी आहे हे त्याचे म्हणणे आपण शब्दशः घेऊ आणि त्या क्षणी त्याच्या शरीरात काय घडले असेल ते पाहू.

आपल्या जवळजवळ प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू तिरपा जोडलेला असतो. तो आखडला की आडवा पडलेला केस उभा राहतो आणि भोवतालची कातडी फुगून बारीकसा उंचवटा येतो. हा स्नायू आपल्या हुकमात नाही. हाताची मूठ तुम्ही हवी तेव्हा वळू शकता, पण "आता अंगावर काटा आणतो" असे म्हणून बहुतेकांना तो आणता येत नाही. त्याची दोरी अनुकंपी चेतासंस्थेच्या हाती असते. संकटाच्या वेळी शरीराला सज्ज करणारे हे मज्जातंतूंचे जाळे आहे. त्याच जाळ्याचे काही तंतू मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडे जातात. तेथून ॲड्रेनलिन रक्तात मिसळते. मग हृदय जोराने धडधडू लागते, बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, तळहातांना घाम सुटतो, आणि पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. लढायचे असो की पळायचे, दोन्हींची ही तयारी. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने विसाव्या शतकाच्या आरंभी या तयारीचा कसून अभ्यास केला. ही तयारी लगेच ओसरत नाही, म्हणून पुस्तक मिटल्यावरही काही वेळ झोप येत नाही.

पण लढाईत केसांचा काय उपयोग? कुत्रा समोर आला की मांजर अंग फुलवून दुप्पट दिसू लागते. साळिंदर काटे उभारते, आणि ते काटे म्हणजे जाड झालेले केसच असतात. थंडीतही प्राणी केस फुलवतात, कारण केसांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. आपल्या पूर्वजांच्या अंगावर दाट केस होते तेव्हा हे दोन्ही फायदे त्यांना मिळत असतील. आपले केस विरळ झाले, स्नायू मात्र राहिले. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर लिहिलेल्या ग्रंथात भीतीने केस उभे राहण्याची दखल घेतली आहे. अर्थात, हा स्नायू अगदीच निकामी आहे असे समजू नका. २०२० साली उंदरांवर झालेल्या संशोधनात असे दिसले की या स्नायूच्या आधाराने आलेला मज्जातंतू केसाच्या मुळातील मूळपेशींनाही जाऊन भिडतो आणि नवा केस उगवण्याशी त्याचा संबंध असतो. मांजराशी असलेले आपले हे नाते भुताच्या गोष्टीमुळे उघड व्हावे, ही मोठी गंमतच!

कथेच्या शेवटी कुकला जे वाटले असेल ते मात्र केवळ भय नव्हे. सडण्याच्या वर्णनाने किळस येते, आणि किळस ही वेगळी भावना आहे. भय आपल्याला वाघापासून दूर ठेवते, तर किळस नासक्या अन्नापासून आणि रोगापासून. भयाने पाय पळायला सज्ज होतात. किळसेने नाक मुरडते, पोटात ढवळते. पोने एकाच कथेत दोन्ही कळा दाबल्या आहेत.

येथे तुम्ही एक शंका काढायला हवी. अंधारात पायाखाली दोरी आली आणि साप वाटला, तर दचकणे समजण्यासारखे आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या धोक्याची खबर मेंदूत खोलवर असलेल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाकडे फार लवकर जाते, आणि नीट ओळख पटण्यापूर्वीच आपण मागे उडी मारतो. परंतु "साप" हे अक्षर सापासारखे मुळीच दिसत नाही. ते आधी वाचावे लागते, त्याचा अर्थ लावावा लागतो, मागच्या वाक्याशी जोडावा लागतो. तेव्हा कथेला हा जवळचा रस्ता मोकळा नसतो. ती लांबच्या रस्त्याने जाते. म्हणून सिनेमातला धक्का क्षणात बसतो आणि कथेतले भय हळूहळू चढते. त्या लांबच्या रस्त्यावर काय असते? तर तुमची कल्पनाशक्ती. अक्षरांवरून तुम्ही मनात चित्र उभे करता आणि त्या स्वतःच काढलेल्या चित्राला घाबरता.

हे नुसते अनुमान नाही. काही माणसांना मनःचक्षूंपुढे चित्रच आणता येत नाही. "आईचा चेहरा आठवा" म्हटले तर तो कसा आहे हे त्यांना सांगता येते, पण डोळे मिटून तो "दिसत" नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी अशा २२ व्यक्ती आणि चित्र पाहू शकणाऱ्या २४ व्यक्ती निवडल्या. सर्वांना अंधाऱ्या खोलीत बसवून पडद्यावर भीतिदायक प्रसंग वाचायला दिले, आणि घामामुळे कातडीतून वीज किती सहज वाहते हे मोजले. चित्र पाहू शकणाऱ्यांच्या बाबतीत गोष्ट पुढे सरकली तसा काटा चढत गेला. दुसऱ्या गटात तो जवळजवळ जागचा हललाच नाही. मग त्याच लोकांना खरीखुरी भीतिदायक छायाचित्रे दाखवली, तेव्हा मात्र दोन्ही गटांचे आकडे सारखेच चढले. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे या माणसांना भय माहीत होते, फक्त गोष्ट त्यांच्यापर्यंत चित्र होऊन पोहोचत नव्हती. तेव्हा तुमच्या वर्गात भुताची गोष्ट ऐकून ढिम्म राहणारा मुलगा शूरच असेल असे नाही, आणि उशी तोंडावर घेणारा भित्राच असेल असेही नाही.

प्रसंगाचाही परिणाम होतो. अंधारात अचानक आवाज झाला तर माणूस उजेडापेक्षा अधिक जोराने दचकतो, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. कुकचा ओसाड घराबद्दलचा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त होता. आपल्याकडचे उदाहरण पाहा. मराठीत भयकथा म्हटले की नारायण धारप (१९२५–२००८) यांचे नाव आधी ओठांवर येते. भुतांविषयी लिहिणाऱ्या या लेखकाचे शिक्षण विज्ञान-तंत्रज्ञानाचे होते. त्यांची एक गोष्ट राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने सांगितली. ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. त्यातूनच पुढे 'तुंबाड' हा चित्रपट उभा राहिला आणि तो पडद्यावर आला २०१८ साली. सांगितलेल्या एका गोष्टीचा काटा पाव शतक टिकला.

आतापर्यंत आपण जे वाचक पाहिले त्यांना गोष्ट खोटी आहे हे ठाऊक होते. त्यांचे शरीर घाबरत होते, पण "हे पुस्तक आहे" हे भान सुटलेले नव्हते. या भानामुळेच भीतीत गोडी येते. पोच्या कथेला दुसऱ्या प्रकारचे वाचकही मिळाले, आणि माझ्या मते तेच अधिक विचार करायला लावतात. त्यांनी ती खरी मानली!

बॉस्टनमधल्या रॉबर्ट कॉलियर नावाच्या मेस्मेरिझमच्या जाणकाराने, कथा छापली गेली त्याच महिन्यात पोला लिहिले की गावात या वृत्तान्ताने खळबळ उडाली आहे, आणि असे घडणे शक्य आहे याबद्दल मला शंका नाही. लंडनच्या वर्तमानपत्रांनी ती अमेरिकेतली खरी हकिकत म्हणून छापली. तिची स्वतंत्र पुस्तिकाही निघाली. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिने इंग्लंडहून कळवले की हे खरे की खोटे या संशयाने लोक गोंधळून गेले आहेत. स्कॉटलंडमधील स्टोनहेवन गावच्या आर्चिबाल्ड रॅमसे या औषधविक्रेत्याने तर सरळ लेखकालाच विचारले. १८४६ च्या अखेरीस पोने त्याला उत्तर दिले की ती निव्वळ थाप होती.

हे वाचक मूर्ख होते का? मुळीच नाही. कथा लिहिण्याची रीतच शास्त्रीय अहवालाची होती. साक्षीदार, नाडी, श्वास, फुप्फुसांची दशा, घड्याळाच्या वेळा, सगळे जागच्या जागी होते. क्षयाचे वर्णन तर पोला घरातूनच मिळाले असावे, कारण त्याची पत्नी त्याच रोगाने आजारी होती आणि १८४७ च्या जानेवारीत ती वारली. शिवाय त्या काळाकडे पाहा. त्याच १८४५ साली आपल्या मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. बधिर करण्याचे औषध अजून हाती आले नव्हते. ईथरचा गाजलेला प्रयोग बॉस्टनला १८४६ च्या ऑक्टोबरात झाला. आणि १८४५ च्याच एप्रिलमध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टरने एका कैद्याला मेस्मेरिझमच्या रीतीने निजवून त्याच्यावर शस्त्रक्रिया केली होती. असे आणखी रोगी झाले, सरकारी समितीने पाहणी केली, कलकत्त्याला त्यासाठी रुग्णालयही निघाले. ज्या जगात हे घडत होते, त्या जगात वाल्देमारची हकिकत अशक्य वाटावी कशी?

तरीही ती तपासण्याची रीत लोकांपुढे होती, आणि तीही साठ वर्षांपूर्वीपासून. मेस्मेरिझमचा जनक फ्रान्झ मेस्मर याच्या दाव्यांची चौकशी करायला १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने एक समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हाझिए तिचे सभासद होते. मेस्मरच्या एका शिष्याने बागेतले एक झाड 'चुंबकित' केले. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकामागून एक झाडांपाशी नेण्यात आले. चौथ्या झाडाशी तो मुलगा बेशुद्ध होऊन कोसळला. चुंबकित केलेले झाड मात्र वेगळेच होते आणि ते दूर होते! त्या मुलाने सोंग केले असे समजण्याचे कारण नाही. त्याची मूर्च्छा खरी होती. तिचे कारण झाडात नव्हते, त्याच्या समजुतीत होते. प्रतिक्रिया खरी आहे यावरून तिचे सांगितलेले कारणही खरे आहे असे ठरत नाही, ही गोष्ट या एका प्रयोगाने जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच दिसत असेल.

हे सारे पॅरिस-लंडनचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या खानदेशाच्या उत्तरेला, सातपुड्याच्या काही गावांत, गुरे मेली किंवा मूल दगावले की एखाद्या बाईला डाकीण ठरवण्याचे प्रकार घडलेले आहेत. अशा बायकांना मारहाण झाली आहे, गाव सोडावे लागले आहे. तेथे जमलेल्या माणसांच्या अंगावर येणारा काटा आणि पुस्तक वाचताना तुमच्या अंगावर येणारा काटा यांत शरीरशास्त्राच्या दृष्टीने काहीच फरक नाही. तोच स्नायू, तेच ॲड्रेनलिन. फरक एवढाच की तेथे "ही गोष्ट आहे" हे भान नसते, आणि छातीतली धडधड हाच लोकांना पुरावा वाटू लागतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याचा छळ करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

आता थोडे काम तुमच्यासाठी. वर्गात शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग करून पाहा. सारख्याच लांबीचे दोन उतारे घ्या, एक भूगोलाच्या पुस्तकातला आणि एक भयकथेतला. ऐकणाऱ्यांनी आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. मग शेजाऱ्याने त्यांच्या मनगटावर बोटे ठेवून अर्ध्या मिनिटाचे ठोके मोजावेत आणि दुप्पट करून मिनिटाचे लिहावेत. उतारा चालू असताना आणि संपल्यावर पुन्हा मोजावे. मोजणाऱ्याच्या कानांत कापसाचे बोळे असू द्या, म्हणजे कोणता उतारा चालला आहे हे त्याला सहजासहजी कळणार नाही आणि त्याच्या अपेक्षेने आकडा फुगणार नाही. अर्ध्या वर्गाला भूगोल आधी ऐकवा, अर्ध्या वर्गाला भयकथा आधी. नाहीतर पहिल्या उताऱ्याची नवलाई आणि दुसऱ्याचा कंटाळा हेच तुम्ही मोजाल. ज्याला ऐकायचे नसेल त्याला आग्रह करू नका. मोजणाराही लागतोच.

सगळ्यांचे ठोके वाढतील असे धरून चालू नका. काहींचे क्षणभर कमीही होतील, कारण कान टवकारून ऐकताना हृदयाची गती जरा मंदावते. ते आकडे चुकीचे समजून खोडू नका, तसेच लिहा. ज्यांना चित्र "दिसले" आणि ज्यांना दिसले नाही, अशा दोन याद्या वेगळ्या करून पाहा. भिंगातून हातावरचे केस पाहायला विसरू नका. एक खबरदारी मात्र घ्या: मोठ्याने वाचणाऱ्याची नाडी या हिशेबात धरू नका. वाचताना त्याचा श्वास वाक्यागणिक अडतो आणि सुटतो, आणि श्वासाबरोबर नाडीही बदलते, मग तो भुताविषयी वाचत असो की तापीच्या खोऱ्याविषयी.